वार्धक्याला शेजार हवा

कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. या टापूतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेले. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. मागे राहिलेल्या वृद्धांना पैशाहून शेजाराची वाण अधिक. मुलांनी धाडलेला पैसा मध्यरात्री दार उघडावयास येत नाही!

पुण्यातील ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींचे अर्थशास्त्र साधे आहे. एकट्यास न परवडणारी परिचारिका, वाहन, स्वयंपाकी अनेकांत विभागले की परवडतात. मात्र तेथे घरासाठी मोठी पुंजी लागते. २००७ च्या कायद्यात जिल्ह्यागणिक निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण निराधारही नाही आणि धनिकही नाही, अशा निवृत्त कारकुनाने जावे कोठे? कसालच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांची अशी वसाहत झाली, तर त्याला आपली वाडीही डोळ्यांसमोर राहील.