फॅशन शोची बातमी आणि कापसाचा हिशेब

"भाऊसाहेब, एका शर्टाला कापूस किती लागतो हो?"

बांधावर उभं राहून असा प्रश्न मला आजवर कुणी केलेला नव्हता. फवारणी कधी घ्यायची, अनुदानाची यादी कधी लागणार, पीकविम्याचं काय झालं, हे आमचे रोजचे प्रश्न. त्यांची उत्तरं झोपेतही देता येतात. शर्टाचा प्रश्न ऐकून मी जरा गडबडलोच.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीआधीची. शेवगाव तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्याकडेला असलेल्या एका गावात कपाशीची पहिली वेचणी चालू होती. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे तपासायला मी गेलो होतो. विचारणारी मुलगी त्या शेतकऱ्याचीच. नगरला पत्रकारितेचं शिक्षण घेते आणि सुट्टीला घरी आली की आईबरोबर ओटी बांधून वेचणीला उतरते. तिच्या वडिलांना सारं गाव अण्णा म्हणतं. मी उत्तर द्यायच्या आतच अण्णा मध्ये बोलले.

"तिला कशाला पाहिजे ते आधी विचारा, साहेब. कॉलेजानं पेपरात काम शिकायला पाठवली. म्हटलं, पाण्याचं लिहील, कांद्याचं लिहील. तर हिला धाडलं फॅशन शोला! पोरी नटून चालत्यात अन् ही वही घेऊन बसती. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं?"

मुलगी खाली मान घालून कापूस वेचत राहिली. तिलाही थोडी लाजच वाटत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

अण्णांचं म्हणणं समजायला एक संदर्भ पाहिजे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शास्त्र शिकलेले नागराज मंजुळे यांचं नाव २०१६ मध्ये 'सैराट' आल्यापासून आमच्याकडे पारापारावर गेलं. पोरगं किंवा पोरगी कॅमेरा, पेपर असलं काही शिकायला गेली म्हणजे आता आपल्या गावाचं दुःख जगापुढे येणार, अशी एक समजूत झाली आहे. समजूत वाईट नाही. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्या मुलाला पहिल्याच दिवशी दुष्काळाची मालिका कुणी देत नाही. त्याला शाळेचं स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, दुकानाचं उद्घाटन नाही तर असला एखादा फॅशन शो मिळतो. कार्यक्रम दोन तासांत आटोपतो, छायाचित्र चांगलं येतं, नावं पुष्कळ छापता येतात आणि चूक झाली तरी मोर्चा येत नाही.

या मुलीला मिळालेला कार्यक्रम नगरच्या एका मंगल कार्यालयात होता. साड्यांचे एक व्यापारी आणि ब्युटी पार्लरवाल्या काही बाई यांनी मिळून 'पारंपरिक वेशभूषा स्पर्धा' ठेवली होती. बावीस स्पर्धक, तीन परीक्षक, ध्वनिक्षेपकाची खरखर आणि दीड तास उशीर. तिनं वहीत सगळं टिपलेलं मी पाहिलं. कोण कितव्या क्रमांकाला चालली, कुणी नऊवारी नेसली, कुणाची टाच अडकली. परीक्षकांची नावं दोनदा विचारून घेतली होती, कारण नावात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी फोन येतो, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. इथपर्यंत सगळं कुणीही करील.

अडलं ते प्रेस नोटमध्ये. आयोजकांनी पत्रकारांना एक छापील कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं की विजेत्या स्पर्धकांनी 'अस्सल हातमागाच्या पैठण्या' नेसल्या होत्या आणि त्या अमुक दुकानात उपलब्ध आहेत. कार्यक्रमानंतर फोटोसाठी साड्या टेबलावर पसरल्या, तेव्हा या मुलीनं एका साडीचा पदर उलटा करून पाहिला. मागे सुटे धागे लोंबत होते. तिची आजी नेहमी सांगायची, की खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. तिनं व्यापाऱ्यांना विचारलं, "ही हातमागाची आहे का?" ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही फॅशनचं लिहा, धाग्यांचं कशाला?" आणि जाताना सगळ्या पत्रकारांना एकेक पिशवी दिली. पिशवीत ड्रेसचं कापड होतं.

कापड तिनं परत केलं. पण बातमीत काय लिहावं हे तिला कळेना, म्हणून ती त्या दिवशी बांधावर मला विचारत होती. आधी कापसाचं विचारलं, मग हळूच रेशमाचं.

मी कृषी पदविकाधारक माणूस. फॅशनमधलं मला काडीचं कळत नाही; बायको म्हणते, शर्ट-पँटच्या रंगाचं तरी कुठे कळतं. पण कापूस आणि रेशीम या दोन्ही गोष्टींशी आमचा संबंध येतो. म्हटलं, बस, हिशेब करू.

एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. एका शर्टाचं कापड अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. सूतकताई आणि कटिंगमधली नासधूस धरली तर त्याला तीनशे ग्रॅमच्या वर रुई पाहिजे. म्हणजे शर्टामागे नऊशे ग्रॅम ते एक किलो कापूस. २०२४-२५ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता आणि व्यापाऱ्याचा भाव बहुतेक दिवस त्याच्या खालीच राहिला. तेव्हा हमीभाव मिळाला असं धरलं तरी एका शर्टात शेतकऱ्याचे जेमतेम सत्तर-पंचाहत्तर रुपये. त्यातून बियाणं, खत, फवारणी वजा करायची. वेचणीची मजुरी आमच्या भागात किलोला दहा रुपयांच्या आसपास होती, म्हणजे शर्टामागे वेचणाऱ्या बाईला नऊ-दहा रुपये.

मुलीनं ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला, हात पुसले आणि हे सगळं वहीत लिहून घेतलं. अण्णा आता गप्प होते. आकडे त्यांनाही नवे नव्हते, पण ते असे शर्टाच्या मापानं कुणी मांडले नव्हते.

रेशमाचं गणित वेगळं. तुतीचा पाला, अंडीपुंज, अळीच्या चार काती, मग चंद्रिकेवर कोष, असा साधारण महिन्याचा खेळ. चांगल्या दुबार जातीच्या कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो. आपल्या शेतकऱ्यांना कोष विकायला पूर्वी कर्नाटकात रामनगरची वारी करावी लागे, २०१८ पासून जालन्यातही कोष बाजार सुरू झाला. एवढं मला सांगता आलं. पण पदरामागचे धागे का लोंबतात, हे विणकरालाच विचारावं लागेल, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. "येवल्याला जा," म्हटलं. पैठणी ज्या पैठणच्या नावाची, ते पैठण आमच्या मुंगीच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर. पण आज माग मोठ्या संख्येनं चालतात ते नाशिक जिल्ह्यात येवल्याला. नगर-मनमाड रस्त्यानं कोपरगाव ओलांडलं की येवला.

ती एसटीनं गेली. एका विणकराच्या घरी अर्धा दिवस बसली. तिथं तिला जे कळलं ते बातमीदारानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीच्या पैठणीत पदरावरचे मोर, पोपट, कमळ हे रंगारंगाचे धागे हातानं एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मागे सुटा धागा राहत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे सुटे असतात किंवा कापलेले असतात. आजी म्हणत होती ते बरोबरच. पण येवल्यात हातमागावरच ब्रोकेड पद्धतीच्या पैठण्याही विणल्या जातात, त्यांच्याही मागे धागे दिसतात. त्या स्वस्त असतात, पण खोट्या नसतात. म्हणजे सुटे धागे दिसले म्हणून लगेच 'फसवणूक' असा मथळा देता येत नाही. विणकरानं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. फॅशन शोचे फोटो तो पाहतो, पण साडी विणली कुणी हे आजवर एकाही बातमीत त्यानं वाचलेलं नाही.

हे काम नगरपुरतंच छोटं आहे असं कुणी समजू नये. लंडनच्या सुझी मेंकेस यांची गोष्ट मी या निमित्तानं वाचली. जगातल्या फॅशन पत्रकारांत त्यांचं नाव फार मोठं. त्या तरुणपणी पॅरिसला गेल्या त्या कपडे बेतायला आणि शिवायला शिकायला. नंतर केंब्रिजला शिकताना विद्यार्थ्यांच्या 'व्हर्सिटी' या वृत्तपत्राच्या पहिल्या स्त्री संपादक झाल्या आणि चोविसाव्या वर्षी एका मोठ्या दैनिकाच्या फॅशन संपादक. आधी कात्री हातात घेतली, मग लेखणी.

आपल्याकडचंही पाहा. १९९४ साली सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाल्या. त्याआधी मिस इंडिया स्पर्धेत त्यांनी घातलेला झगा दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातल्या कापडाचा होता, तो शिवला होता एका साध्या शिंप्यानं आणि हातमोजे केले होते पायमोज्यांचे. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी शेतात राबणाऱ्या कुणबी बायकांची चौकडीची साडी पुन्हा विणून घेतली आणि थेट रॅम्पवर नेली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. चिखलात लावणी करताना नेसायची ती आखूड साडी!

आणि २४ एप्रिल २०१३ हा दिवस. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसं मेली. बहुतेक तयार कपड्यांच्या कारखान्यांतले कामगार, त्यात बाया जास्त. भिंतींना आदल्या दिवशीच तडे गेले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. त्यांनी शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत लटकत होते. त्यानंतर तिकडच्या गिऱ्हाइकांनी कंपन्यांना विचारायला सुरुवात केली, की माझे कपडे शिवले कुणी? मुंबईत २००६ पासून लॅक्मे फॅशन वीक होतो. त्यातही आता खादी, हातमाग, पर्यावरण यांची चर्चा असते. पण ज्या शेतकऱ्याच्या कापसावर हे सगळं उभं आहे, त्याचा भाव तिथं कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. कपाशीच्या रानात वाढलेली मुलगी तिथं वही घेऊन बसली, तर ती विचारील.

आमच्या नगर शहरात आणि भिंगारला एके काळी हातमागावर लुगडी विणली जात. पद्मशाली समाजातल्या म्हाताऱ्यांना अजून ते माग आठवतात. त्याही बाजूनं कुणी पाहावं असं वाटतं. असो.

आता बातमीचं काय झालं? मुलीनं सव्वादोनशे शब्द लिहून दिले. स्पर्धकांची नावं, क्रमांक, परीक्षक, सगळं नीट. शेवटी तीन वाक्यं. विजेत्या साड्या हातमागाच्या असल्याचे आयोजकांनी प्रसिद्धिपत्रकात म्हटले आहे. एका साडीच्या पदरामागे सुटे धागे दिसले. ती हातमागाची आहे काय, असे विचारले असता आयोजकांनी उत्तर देण्याचे टाळले. कुणावर आरोप नाही, विशेषण नाही.

छापून आलं त्यात पहिलं वाक्य होतं. पुढची दोन नव्हती. शेजारीच त्या दुकानाची दिवाळीची जाहिरात होती. वर्तमानपत्र कुठलं ते मी सांगत नाही. जाहिरातीवर पगार होतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्या मते मात्र ती दोन वाक्यं राहायला पाहिजे होती. हजारो रुपये मोजून पैठणी घेणारी बाई पुष्कळदा कांदा नाही तर कापूस विकलेल्या घरातलीच असते.

मुलगी दोन दिवस रडकुंडीला आली होती. म्हणाली, "भाऊसाहेब, सोडून देते हे. अण्णा म्हणतात तेच बरोबर." मी काही उपदेश केला नाही. कॉलेजात त्यांचं प्रायोगिक वृत्तपत्र निघतं, त्यात जागा मिळते का बघ, एवढंच म्हटलं. तिथल्या सरांनी पूर्ण पान दिलं. तिनं फॅशन शो, येवल्याचा विणकर आणि शर्टाचा हिशेब असं तिन्ही एकत्र लिहिलं. शर्टाच्या हिशेबात एका ठिकाणी माझीच चूक होती, जिनिंगमधली घट मी मोजलीच नव्हती. ती तिनं शेवगावच्या एका जिनिंगवाल्याला विचारून दुरुस्त केली. मला सांगितलंसुद्धा नाही.

तो अंक तिनं घरी आणला तेव्हा दुसरी वेचणी चालू होती. अण्णांनी चष्मा लावून झाडाखाली बसून पान वाचलं. वेचणीच्या मजुरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे दहा रुपये लिहिलंस, ते आपल्याच रानातलं ना? मग आता बाया बारा मागतील."

"मागूद्यात की," मुलगी म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सापळ्यातले पतंग मोजायला लागलो.