मासे मरायला लागले? औषधाआधी खाद्याचा हिशोब बघा

हदगाव भागात शेततळ्यात रोहू, कटला सोडलेत आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेलं पोट दिसतंय? लगेच औषधाच्या दुकानात पळू नका.

यामागे बऱ्याचदा एरोमोनास नावाचा जिवाणू असतो. तो पाण्यात असतो, निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. तिथले चांगले जिवाणू त्याला वाढू देत नाहीत. पण तळ्यात दाटी झाली, ऑक्सिजन घटला, उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, की माशाची ताकद कमी होते आणि हाच जिवाणू उलटतो.

म्हणजे जास्तीचं खाद्य दुहेरी तोटा करतं. खाद्याचे पैसे पाण्यात, वरून रोग!

मनानं अँटिबायोटिक तर टाकूच नका. त्यानं चांगले जिवाणूही मरतात आणि पुढे औषध लागू पडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे.

मग करायचं काय?

१. महिन्यातून एकदा जाळं टाकून वजन घ्या. वाढत्या माशाला रोज एकूण वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के खाद्य, तेही वहीत लिहून.

२. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन कमी आहे. खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा.

३. प्रोबायोटिकची मदत होते, पण घाण तळ्यात ते पैसेही वायाच.

मर वाढली तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला लगेच कळवा. तळं सांभाळलं तर भांडवल वाचेल!