शिक्षणखात्यातील अपहार आणि शिक्षेची दिरंगाई

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कोणत्याही कारखान्यात कामगाराने तांब्याची तार चोरली, तर चौकशी होऊन त्याची नोकरी जाते. शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यावर लाखोंचा आरोप येतो, तेव्हा मात्र ‘निलंबित’ एवढाच शब्द कानी पडतो. श्रोतेहो, लोकांचा संताप येथूनच उपजतो.

डिसेंबर 2021 मध्ये राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांस पुणे पोलिसांनी अटक केली. शिक्षक पात्रता परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांस पैसे घेऊन उत्तीर्ण दाखविले, असा आरोप होता. पिंपळे गुरव येथील त्यांच्या घराच्या पहिल्याच झडतीत 80 लाखांहून अधिक रोकड सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. 2022 मध्ये 7,800 हून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम. तथापि ज्या वर्गात आपली मुले बसतात तेथील गुरुजीच विकत घेतलेल्या गुणांचे असावेत, ही शंकाच पालकास जाळणारी आहे.

आता कायद्याकडे वळू. निलंबन ही मुळी शिक्षाच नव्हे. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून दूर ठेवणे, एवढाच तिचा हेतू. त्या काळात निम्म्या वेतनाइतका निर्वाहभत्ता मिळतो, पुढे तो पाऊणपट होऊ शकतो. यावर लोक चिडतात. पण निलंबित कामगारासही कायद्याने पहिले 90 दिवस निम्मे वेतन व नंतर 75 टक्के मिळते. येथे पक्षपात नाही.

लाचेची शिक्षाही सौम्य नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतरच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावास आहे. दोष आहे तो कालहरणाचा. खटल्यास वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. ती तीन महिन्यांत, कायदेविषयक सल्ला आवश्यक असल्यास आणखी एका महिन्यात, निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. ‘प्रयत्न’ या शब्दातच सारी पळवाट आहे. खात्यांतर्गत शिक्षांची यादी 1979 च्या नियमांत आहे: ठपका ठेवण्यापासून बडतर्फीपर्यंत. अपहाराला ठपका किंवा वेतनवाढ रोखणे पुरेसे मानले गेले, तर त्यास शिक्षा म्हणावयाचे धाडस आमच्याने होत नाही.

सर्वांत अनर्थकारक कलम निवृत्तिवेतनाच्या 1982 च्या नियमांत आहे. अधिकारी निवृत्त झाल्यावर खात्यांतर्गत चौकशी सुरू करावयाची असेल, तर घटना त्यापूर्वीच्या चार वर्षांतील असावी लागते. हिशेबतपासणी पाच वर्षे रखडली की ती वाटच बंद होते. मग उरतो तो केवळ फौजदारी खटला.

महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांत 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे तिचे कर्तव्य आहे. तेथे हिशेबाची वही त्याच वर्षी मागता येते.