शेजाऱ्याची पाइपलाइन तुमच्या रानातून

सकाळच्या धारा काढून होतात न होतात तोच शेजारी ओट्यावर येऊन टेकतो. चहा होतो, पावसापाण्याच्या गोष्टी होतात आणि मग हळूच मुद्दा निघतो. “आबा, ओढ्याकाठच्या विहिरीला चांगलं पाणी लागलंय. पण माझं रान पडलं वर, अन् मध्ये तुमचा गट. तेवढी पाइपलाइन तुमच्या रानातून जाऊ द्या.”

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, अशा वेळी काय उत्तर द्यावे? हो म्हणावे तर आपले रान उकरले जाते. नाही म्हणावे तर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटतो. बहुतेक जण भिडेखातर मान हलवतात आणि पुढे दहा वर्षांनी भांडण उभे राहते. म्हणून मान हलवण्याआधी चार गोष्टी समजून घ्या.

नाही म्हटले तर?

नुसते नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम ४९ नेमके यासाठीच आहे. ज्या पाण्यावर शेजाऱ्याचा हक्क आहे ते शेतीसाठी दुसऱ्याच्या रानातून न्यायचे असेल आणि आपसात जमत नसेल, तर तो तहसीलदारांकडे अर्ज करू शकतो. तहसीलदार चौकशी करतात, तुमची हरकत ऐकून घेतात आणि गरज पटली तर पाट किंवा पाइप नेऊ देण्याचा लेखी हुकूम काढतात.

पण हाच कायदा तुमचीही बाजू राखतो. पाट असेल तर त्याची रुंदी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी. जमिनीखालचा पाइप निदान अर्धा मीटर खोल असावा. उकरलेली जमीन त्याने स्वतःच्या खर्चाने बुजवून पूर्ववत करून द्यावी. नुकसान झाले तर भरपाई द्यावी आणि दरसाल भाडेही द्यावे. जमिनीखालच्या पाइपाचे भाडे कायद्याने दर दहा मीटरला पंचवीस पैसे असे धरले आहे. रक्कम नाममात्र, पण जमीन तुमचीच आहे याची ती दरवर्षीची कबुली असते. दुरुस्तीला येताना आधी कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शिवाय त्या पाटातले किंवा पाइपातले जादा पाणी ठरलेला दर देऊन मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. कोरडवाहू रान असेल तर हा हक्क मोलाचा आहे.

तोंडी शब्द का पुरत नाही?

शब्द देणारा आणि घेणारा दोघे हयात आहेत तोवर सगळे ठीक चालते. पुढे वाटण्या होतात, एखादा तुकडा विकला जातो. नव्या मालकाच्या ट्रॅक्टरचा नांगर पाइपाला लागतो आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळायला लागतो. रागाच्या भरात कोणी मुद्दाम पाइप फोडला, तर उलट त्यालाच दंड होऊ शकतो.

देणाऱ्यालाही कागद हवाच. भारतीय वहिवाट हक्क अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार आणि हक्काने चाललेली वहिवाट हा कायमचा हक्क होऊ शकतो. परवानगीने केलेल्या वापराचा तसा हक्क होत नाही. पण परवानगी दिली होती हे दाखवणार कशाने? दुसरी गोष्ट अशी, की तुमच्या परवानगीवर भरवसा ठेवून समोरच्याने खर्च करून कायमचे काम केले, तर ती परवानगी मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. म्हणून अटी आधी ठरवाव्यात, कुदळ मागाहून मारावी.

कागदावर काय असावे?

दोन्ही गट नंबर आणि पाइप कोठून कोठे जाणार याचा हातनकाशा काढा. शक्यतो बांधाच्या कडेने न्या, म्हणजे नांगराला अडथळा होत नाही. कायदा अर्धा मीटर म्हणत असला तरी खोल नांगरट होते तिथे तीन फूट मागा. पाइपाची जाडी लिहा. एका पाइपाच्या नावाखाली पुढे दुसरा येऊ नये. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात रान मोकळे असतानाच चर खोदावा. वरची काळी माती एका अंगाला आणि खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला टाकावा. बुजवताना मुरूम आधी, माती वर. हे चुकले तर त्या पट्ट्यात कित्येक हंगाम पीक खुरटते. पाइप फुटून पीक बुडाले तर भरपाई कोणी द्यायची, जादा पाणी मिळायचे का, कोणत्या दराने, हेही लिहून ठेवा.

सातबाऱ्यावर जितकी नावे, तितक्यांच्या सह्या घ्या. आई, बहिणी, विधवा भावजय यांची नावे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाला मसुदा दाखवा. विजेचे मनोरे किंवा सरकारी योजनेच्या मोठ्या नळाचे नियम वेगळे आहेत, ते वेगळे विचारावेत.

हा मार्ग घरबसल्या निघाला तर उत्तमच. पाणी अडवून कोणाचे भले झालेले नाही आणि भिडेपोटी स्वतःच्या जमिनीवर अन्याय करून घेण्याचेही कारण नाही. कागद झाला की तो सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवा. आणि एके दिवशी मुलांना बांधावर नेऊन पाइप कोठून जातो तेही दाखवून ठेवा.