आडनावांचे प्रमाण
आडनावांचे प्रमाण : एखाद्या देशाच्या लोकसंख्येत एखादे आडनाव किती लोक लावतात आणि कालौघात त्यात कसा बदल होतो, याचा विचार लोकसंख्याशास्त्र, मानवशास्त्र व इतिहास या शास्त्रांत केला जातो. विपुल आढळणारे आडनाव लावणारे सर्व लोक एकाच मूळ पुरुषाचे वंशज असावेत, असा सामान्य समज आहे; परंतु तो बहुधा निराधार ठरतो. आडनावाचा आढळ हा वंशविस्ताराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आडनावाचे वय, ते मिळण्याची रीत, शासकीय नोंदणी आणि स्थलांतर यांवर अवलंबून असतो.

संख्या व प्रमाण : आडनाव लावणाऱ्यांची संख्या आणि लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘स्मिथ’ हे सर्वांत अधिक आढळणारे आडनाव. २००० च्या जनगणनेत ते सु. २३·८ लक्ष लोकांचे होते, तर २०१० मध्ये सु. २४·४ लक्ष लोकांचे. संख्या वाढली, तरी दर लक्ष लोकांमागील प्रमाण मात्र ८८१ वरून ८२८ वर आले. याच काळात ‘गार्सिया’ हे स्पॅनिश आडनाव आठव्या क्रमांकावरून सहाव्या क्रमांकावर गेले. ‘स्मिथ’ म्हणजे धातुकाम करणारा, मुख्यतः लोहार. हा कारागीर गावोगावी असल्याने ते नाव इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले. शिवाय अमेरिकेत आलेल्या अनेक जर्मन ‘श्मिट’ कुटुंबांनीही ते स्वीकारले.

लोप व केंद्रीकरण : नामांकित घराण्यांची नावे नष्ट का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन याने १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे मांडला. एच्. डब्ल्यू. वॉटसन याने त्याचे विवेचन केले व १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध सादर केला. वॉटसनच्या निष्कर्षातील चूक पुढे दुरुस्त करण्यात आली. आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे सरासरी मुलगे एक वा त्याहून कमी असतील, तर ते कधी ना कधी लुप्त होणे अटळ असते. सरासरी एकाहून अधिक असली, तरीही केवळ योगायोगाने ते लुप्त होऊ शकते. त्यामुळे आडनावांची पद्धत जितकी जुनी, तितकी उरलेली नावे कमी व त्यांतील प्रत्येक अधिक विपुल, अशी सर्वसाधारण प्रवृत्ती दिसते. चीनमध्ये ही पद्धत दोन हजारांहून अधिक वर्षे प्रचलित आहे. तेथे वांग, ली, जांग, ल्यू व चन या पाच आडनावांतच २०२० मध्ये सु. ३० टक्के लोक सामावले होते. जपानमध्ये सर्वसामान्यांस आडनाव लावणे १८७५ मध्ये सक्तीचे झाले. तेथे एक लक्षाहून अधिक आडनावे आहेत.

कोरियातील उदाहरण : दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत किम (२१·५ टक्के), ली (१४·७ टक्के) व पार्क (८·४ टक्के) या तीन आडनावांत सु. ४५ टक्के लोक मोडत होते. चोसन राजवटीत (१३९२–१९१०) दीर्घकाळ आडनाव ही प्रामुख्याने वरिष्ठ वर्गाची मिरास होती. बहुसंख्य दास व अनेक सामान्यजन आडनावाविना होते. १८९४ मध्ये जन्मजात दर्जाभेद कायद्याने रद्द झाले आणि १९०९ मध्ये नोंदणीचा कायदा आला. नव्याने आडनाव घेणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रतिष्ठित कुळांची नावे निवडली. किम हे प्राचीन सिल्ला राजघराण्याचे नाव होते.

याचे परिणाम गंभीर झाले. कोरियात आडनावाबरोबर कुळाचे मूळ गावही सांगतात. आडनाव व मूळ गाव दोन्ही समान असलेल्यांचा विवाह दिवाणी संहितेने निषिद्ध ठरविला होता. एकट्या गिम्हे-किम कुळात चाळीस लक्षांहून अधिक लोक असल्याने, रक्ताचे नाते नसलेल्या असंख्य जोडप्यांना विवाहाची नोंद करता येत नसे. १९७८, १९८८ व १९९६ मध्ये त्यांना तात्पुरती सवलत देण्यात आली. १९९७ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने हा निर्बंध घटनेशी विसंगत ठरविला व २००५ मध्ये तो संहितेतून वगळण्यात आला.

महाराष्ट्र व गोवा : पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे वतनी अधिकारपदांवरून आली. ही पदे ठिकठिकाणी असल्याने एकमेकांशी नाते नसलेली, क्वचित भिन्न जातींचीही, घराणी एकच आडनाव लावतात. याउलट ग्रामनामास ‘कर’ जोडून झालेली आडनावे असंख्य, पण प्रत्येकी थोड्यांची असतात. बेने इस्राएल समाजाबरोबर पेणकर, किहीमकर अशी कोकणी गावांची आडनावे इस्राएलमध्येही गेली. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरितांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा ही नावे पोर्तुगाल व ब्राझीलमध्येही आढळतात. परंतु केवळ तेवढ्यावरून पोर्तुगीज वंश सिद्ध होत नाही.

उपयोग व मर्यादा : समान आडनावांच्या वधूवरांच्या विवाहांवरून आप्तविवाहांचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न जॉर्ज डार्विन याने १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये केला. जे. एफ्. क्रो व ए. पी. मँग यांनी १९६५ मध्ये या पद्धतीस आनुवंशिकीचे गणिती रूप दिले. प्रत्येक आडनावाचा उगम एकाच व्यक्तीपासून झाला, हे या पद्धतीचे गृहीतक होय. किम किंवा पाटील यांसारख्या आडनावांस ते लागू पडत नाही. म्हणून आडनावांच्या आकडेवारीवरून नातेसंबंधांविषयी अनुमान करण्यापूर्वी ते आडनाव कोणास, केव्हा व कसे मिळाले, हे पाहणे आवश्यक ठरते.