मोडाची नाचणी पावसाळ्यात कशी टिकवावी

पुरुमेंताच्या दिवसांत मयेतल्या पुष्कळ घरांत नाचणी भरली जाते. थोडी भाकरीसाठी, थोडी मोड आणून, वाळवून ठेवलेली: आंबिलीसाठी आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या सत्त्वासाठी. साधी नाचणी सहसा त्रास देत नाही. दाणा बारीक व टणक, किडीला त्यात फारसे काही सापडत नाही. नीट वाळलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते. मोडाच्या नाचणीचे मात्र तसे नाही.

मोड येताना दाण्याचे कवच फुटते आणि आतल्या पिठाची थोडी साखर होते. साखर हवेतले पाणी ओढते. काजूच्या फेणीला धान्य लागत नाही म्हणून हा प्रश्न आपल्या भट्टीवाल्यांना कधी पडला नाही, पण परदेशात बिअरसाठी बार्लीला मोड आणणारे तो चांगला ओळखतात. ते मोडाचे धान्य भट्टीत इतके वाळवतात की त्यात जेमतेम ४-५ टक्के ओलावा उरतो, आणि मुळांच्या शेपट्या झाडून टाकतात, कारण आधी ओल धरतात त्या शेपट्याच. आपणही वाळलेली नाचणी हाताने चोळून सुपात पाखडावी.

पूर्वी हे काम चुलीने केले. चुलीवरचा माळा रोज तापायचा, त्यामुळे बाहेर धो धो पाऊस असला तरी तिथली हवा कोरडी राहायची. शेणाने सारवलेली कणगी हवाबंद नसूनही चालायची ती त्यामुळेच. आता गॅस आला. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते आणि खिडक्या बंद असल्या तर ती घरातच राहते. म्हणून स्वयंपाकघरातले ओट्याखालचे कपाट ही साठवणीची सर्वांत वाईट जागा. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकूनही डबा ठेवू नये. फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा.

मोड आणण्याचे काम एप्रिल-मेच्या कडक उन्हात उरकावे. पावसात मोड काढले तर वाळता वाळताच बुरशी धरते. फारच गरज पडली तर मूठ-दोन मुठी काढून मंद आचेवर कढईत कोरड्या कराव्यात. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. चिवट लागला तर डब्यात भरू नये. गरम नाचणीही भरू नये, आत घाम सुटतो. फडक्याखाली निववून लगेच भरावी.

भात किंवा साधी नाचणी तपासायला मिठाची एक सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य व मीठ घालून हलवावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांवर आहे, पुन्हा ऊन द्यावे. आपल्याकडचे मीठ आधी तव्यावर भाजून घ्यावे, नाहीतर ओल मिठाचीच निघायची!

डबा कितीही घट्ट असो, दर वेळी उघडताना ओली हवा आत जाते. मोठी रक्कम एकाच मुदत ठेवीत ठेवली की थोड्या पैशांसाठीही सगळी मोडावी लागते. नाचणीचे तसेच आहे. आठवड्यापुरत्या लहान बरण्या काठोकाठ भराव्यात, एका वेळी एकच उघडावी. दळण लागेल तेव्हाच करावे. श्रावणात दुपारी ऊन पडले म्हणून सगळे डबे अंगणात मांडू नयेत. त्या उन्हातही हवा ओलीच असते.

कुबट वास आला तर नाचणी टाकून द्यावी, गुरांनाही घालू नये. धुऊन, भाजून किंवा शिजवून बुरशीचे विष जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या आजाराने दगावली. सत्त्वावर वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत दोन किलो नाचणीची किंमत पाहत बसू नये.

किडीसाठी निगडीचा वाळलेला पाला किंवा बिब्बे पुरेसे आहेत. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीच आणू नयेत. त्यांचा वायू ओलाव्यानेच सुटतो, आणि झोपेत असलेल्या माणसांचा जीव घेतो.