ब्लॅकपूलचं वादळ, मुंबईचं सागवान
लेखमाला : गोदीतली जहाजं – भाग ५

वादळात जहाजाला सगळ्यात जास्त भीती कशाची, असं रेल्वेनं ये-जा करणाऱ्या भाईंदरकराला विचारलं तर तो खोल समुद्राचं नाव घेईल. उत्तन, चौक, पालीच्या बंदरावर विचारा, उत्तर निराळं येईल. आपल्या शहराची ही पश्चिमेची कड उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट जमिनीवर येतो. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात, त्यामागे माशांच्या विणीइतकंच हेही कारण आहे. खोल पाण्यात वादळानं गाठलेल्या जहाजाला निदान वाहवत जायला जागा असते. वारा किनाऱ्याकडे ढकलत असला की ती जागाच संपते आणि सगळा भार नांगरावर येतो.

आज ज्या जहाजाबद्दल लिहायचं आहे, ते असंच संपलं. ते ना मुंबईत बांधलेलं, ना मुंबईजवळ फुटलेलं. तरीही या लेखमालेत त्याला जागा द्यावी लागते, कारण त्याच्या पश्चात त्याचं नाव आपल्या गोदीतल्या एका जहाजानं चालवलं.

‘फुद्रोयाँ’ ही ८० तोफांची ब्रिटिश युद्धनौका १७९८ साली प्लिमथला पाण्यात उतरली. पुढच्याच वर्षी अ‍ॅडमिरल नेल्सननं तिच्यावर आपलं निशाण चढवलं. भूमध्य समुद्रातल्या त्याच्या कारकिर्दीतले गाजलेले आणि काही बदनामीचेही प्रसंग तिच्याच डेकवर घडले. १८९२ मध्ये नौदलानं तिला भंगारात काढलं आणि ती जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती गेली. नेल्सनचं जहाज जर्मन लोक तोडणार म्हटल्यावर इंग्लंडात आरडाओरड झाली. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी तर नौदलाच्या अधिकाऱ्यांना टोचणारी कविताच लिहिली. शेवटी व्हीटली कॉब नावाच्या धनिकानं ती विकत घेऊन परत आणली आणि जुन्या रूपात सजवली. खर्च भरून निघावा म्हणून तिला एकेका सहलीच्या गावासमोर उभी करायची आणि तिकीट लावून दाखवायची, असा त्याचा बेत होता.

माझ्या मते जहाजाचा घात इथंच झाला. वादळ नंतर आलं. बंदराची जागा निवडताना आडोसा बघतात. सहलीच्या गावाला हवा असतो उघडा समुद्र आणि लांबरुंद वाळू. प्रेक्षकांना जे आवडतं, नेमकं तेच जहाजाला घातक. १६ जून १८९७ रोजी ‘फुद्रोयाँ’ लँकशरच्या ब्लॅकपूल गावासमोर नांगरून उभी होती. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला सहा दिवस उरले होते. वादळ उठलं, नांगराची साखळी तुटली, जहाज किनाऱ्याकडे ढकललं गेलं. जाताना त्यानं तिथल्या नॉर्थ पिअर या धक्क्याला तडाखा दिला, डोलकाठ्या कोसळल्या आणि जहाज वाळूत रुतलं. वरच्या सगळ्यांना ब्लॅकपूलच्या जीवनरक्षक नौकेनं सुखरूप उतरवलं. जहाज मात्र पुन्हा तरंगलं नाही.

नांगर जहाजाला धरून ठेवतो तो केवळ वजनानं नाही. त्याचा फाळ तळात रुततो आणि साखळीचा बराच भाग तळावर आडवा पडून राहतो, त्यामुळे ओढ आडवी बसते. लाटा वाढल्या की जहाज उसळतं, साखळी ताणून सरळ होते आणि ओढ वरच्या दिशेला लागते. मग एक तर फाळ उपटून नांगर सरकू लागतो, नाहीतर हिसक्यानं साखळीच तुटते. ‘फुद्रोयाँ’ची शिडं गुंडाळलेली असली तरी तिच्या उंच बाजू आणि तीन डोलकाठ्या वाऱ्याला पुरेशा होत्या. इंजिन नव्हतं. साखळी तुटल्यावर हाती काहीच उरलं नाही.

इंजिनाच्या काळात हे घडत नाही, असं समजू नका. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात उभ्या असलेल्या ‘पी ३०५’ या बार्जचे नांगर सुटले. त्या बार्जलाही स्वतःचं इंजिन नव्हतं. तेलाच्या एका फलाटाला धडकून ती बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ‘आयएनएस कोची’ आणि नौदलाच्या इतर जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून बरेच जण वाचवले, पण अनेक जीव गेले. त्याच वादळात नांगर सुटलेली दुसरी एक बार्ज पालघरच्या किनाऱ्याला लागली. तिच्यावरचे लोक वाचले.

आता कॉबकडे येऊ. जहाज गेलं, पण त्याचा हट्ट गेला नाही. त्याच वर्षी भंगारात निघालेली दुसरी एक लाकडी युद्धनौका त्यानं घेतली. ती होती ‘त्रिंकोमाली’, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली. तिचे नकाशे घेऊन इंग्लंडहून निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी ब्राझीलजवळ लढाईत पाडाव केलं आणि नकाशे गेले. नव्या प्रती मागवाव्या लागल्या. त्याच ‘जावा’वर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेला जनरल हिस्लॉप होता. पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचं सैन्य त्यानंच चालवलं. ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या चोवीस दिवस आधी. इकडे पेशवाई संपत होती आणि तिकडे मुंबईत इंग्रजांच्या आरमाराला आपल्याकडचं सागवान लागत होतं.

सागवान का, तर इंग्लंडात ओकची टंचाई होती आणि सागवान त्याहून टिकाऊ. त्याच्या अंगच्या तेलामुळे कीड आणि कुजणं लांब राहतं. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे-बोल्ट गंजतात, सागवानात ते टिकतात. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आल्यापासून त्यांच्या घराण्यानं हे लाकूड ओळखलं होतं. शिवाय मुंबईला भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे सुकी गोदी चालवणं सोयीचं.

कॉबनं १९०३ मध्ये मुंबईच्या जहाजाला ‘फुद्रोयाँ’ हे नाव दिलं. मुलांना खलाशीपणाचं शिक्षण देण्यासाठी ती आधी फाल्मथला आणि पुढे पोर्ट्‌स्मथला होती. दोन्ही आडोशाची बंदरं. ब्लॅकपूलनं त्याला एवढं तरी शिकवलं असावं. १९८६ पर्यंत ते शिक्षण चाललं, १९८७ मध्ये जहाज दुरुस्तीसाठी हार्टलपूलला नेलं आणि १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळालं. तरंगत्या अवस्थेतली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून आज ती तिथं तिकीट काढून बघता येते. उभी आहे ती गोदीच्या आत.

पुढच्या भागात तिचीच वडील बहीण ‘वेलस्ली’, मुंबईत १८१५ साली बांधलेली आणि १९४० मध्ये जर्मन विमानाच्या बॉम्बनं टेम्स नदीत बुडालेली.